आठ मिनिटांची घंटी

कुंदाबाई बेसिनपाशी उभ्या राहून भिंतीवरचा कागद तिसऱ्यांदा वाचत होत्या, तेवढ्यात सारिका आत आली.

"मावशी, एवढं काय वाचताय?"

"परिषदेत एकमेकांशी कसं वागायचं ते लिहिलंय."

"आणि लावलंय कुठे, तर लेडीज टॉयलेटात."

"बायकांविषयी आहे म्हणाले. म्हणून बायकांच्याच इथे लावा म्हणाले."

सारिका हसली आणि तोंड धुऊ लागली. ते आधीच धुतलेलं होतं. तिचं भाषण बारा वाजून पन्नास मिनिटांनी होतं, सत्रातलं शेवटचं. बारा वाजायला आले होते, आणि ती सकाळपासून चौथ्यांदा तोंड धूत होती हे कुंदाबाईंना माहीत होतं, कारण टॉवेल बदलायचं कामही त्यांच्याकडेच होतं.

केळी परिषद एक वर्ष धुळ्याला भरायची, एक वर्ष जळगावला. यंदा जळगावची पाळी. ज्या दिल्लीच्या कचेरीतून परिषदेला मदत मिळाली तिने सोबत हा कागदही पाठवला होता आणि तो दर्शनी भागी लावावा अशी अट घातली होती. आयोजन समितीने त्यावर दोन मिनिटं चर्चा केली, त्यातलं एक मिनिट चिकटपट्टीवर गेलं. दर्शनी भागात प्रायोजकांचे फलक होते. मग कुणीतरी म्हणालं, छेडछाडीबिडछाडीचं असेल, बायकांच्या बाजूला लावा. शिपायाने बाहेरून हाक मारून कागद कुंदाबाईंच्या हाती दिला आणि त्यांनी तो बेसिनवर, सगळ्यांना दिसेल असा लावला. लावला म्हणजे वाचणं आलं. न वाचता त्यांनी आजवर बाटलीलाही लेबल चिकटवलं नव्हतं.

त्यांचं इंग्रजी त्या लेबलांमधूनच आलेलं. दहावी त्यांनी पस्तिसाव्या वर्षी बाहेरून दिली. त्याआधी आणि नंतरही शिकवलं ते प्रयोगशाळेच्या कपाटाने. सरळ उभी ठेवा, उन्हापासून लांब ठेवा, डोळ्याला लागल्यास भरपूर पाण्याने धुवा, हे त्यांना इंग्रजीत तोंडपाठ होतं, आणि माणसांशी वागायलाही साधारण एवढं पुरतं असं त्यांचं मत होतं. पण या कागदात जरा जास्त लिहिलं होतं. कुणाच्या जातीवरून, बोलीवरून, कपड्यांवरून बोलू नये. कुणाला एकटं गाठून अवघडवू नये. आणि चौथं कलम असं की, प्रत्येक वक्त्याला ठरलेला वेळ सारखा मिळावा, रिगार्डलेस ऑफ रँक.

यातला रिगार्डलेस त्यांना अडला होता. तो त्यांनी काल नवीन सरांना विचारला. नवीन सर म्हणजे परिषदेचे सचिव, तिशीतला पोरगेला प्राध्यापक, दोन कानांना दोन फोन. त्यांनी एक फोन खाली करून सांगितलं, "म्हणजे कोण किती मोठा आहे ते न बघता."

तेव्हापासून कुंदाबाई विचार करत होत्या, कारण घंटी त्यांच्या हातात होती.

बावीस वर्षं होती. परिषदेत भाषण आठ मिनिटांचं. सहाव्या मिनिटाला एकदा टिंग, आठव्याला दोनदा. वर चापट मारायची ती टेबलावरची घंटी, शेजारी सेकंदांचं घड्याळ, आणि मंचाच्या डाव्या अंगाला एक छोटं टेबल, एवढा कुंदाबाईंचा संसार. एरवी त्या कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या, परीक्षानळ्या धुवायच्या. घंटीचं काम त्यांना दिलं, कारण भाषण ऐकण्यात त्या रमून जाणार नाहीत असा तेव्हाच्या सरांचा समज होता. तो साफ चूक होता. केळीवर बावीस वर्षांत जे जे बोललं गेलं ते सगळं कुंदाबाईंनी ऐकलेलं होतं, तेही जागं राहून. असं म्हणू शकणारं त्या सभागृहात दुसरं कुणी नसावं.

घंटीचा छापील नियम आठ मिनिटांचा. दुसरा नियम छापलेला नव्हता. अध्यक्षांनी बोट वर केलं की वाजवायची, पंजा आडवा धरला की थांबायचं. मोठ्या सरांना पंजा, पोरासोरांना बोट. मोठे सर वीस मिनिटं बोलले की ती बारा मिनिटं कुठूनतरी भरून काढायची असतात, आणि जेवण तर एकला असतं. मग शेवटी जी कुणी असेल तिला बोट. शेवटी बहुतेक वेळा कुणी 'ती'च असायची. हेही कुठे छापलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी धुळ्याला ती सारिका होती. तिसऱ्या मिनिटाला अध्यक्षांचं बोट वर झालं आणि कुंदाबाईंनी घंटी वाजवली. सारिका वाक्याच्या मध्यावर होती. तिने ते वाक्य तसंच सोडलं, धन्यवाद म्हटलं आणि खाली उतरली. नंतर बेसिनपाशी कुंदाबाई तिला काही म्हणणार, तर तीच म्हणाली, मावशी, यात तुमचा काय दोष. हे वाक्य वर्षभर कुंदाबाईंच्या घशाशी होतं. शिव्या दिल्या असत्या तर गिळता आल्या असत्या.

"त्या बायांची नावं शेवटच्या स्लाइडवरच आहेत का?" कुंदाबाईंनी आता विचारलं.

"हो."

"मग आधी घे ना ती. उगाच शेवटी कशाला ठेवायची जोखीम?"

सारिकाने तोंड पुसलं. "आधी घेतली तर लोक म्हणतील, मजूर बायांचं काहीतरी आहे. आणि मोबाइल काढतील. आधी काम बघू दे त्यांना. मग कुणी केलं ते सांगते."

हे बरोबर होतं. कुंदाबाईंनी टॉवेल बदलला आणि त्या नवीन सरांना शोधायला निघाल्या.

नवीन सर चहाच्या टेबलापाशी सापडले. कुंदाबाईंनी आधी या कागदाच्या पाच झेरॉक्स मागितल्या. त्या मिळाल्या. मग म्हणाल्या, "सर, आज मी घंटी वाजवली तर सगळ्यांना सारखी वाजवीन. नसेल चालत तर दुसरं कुणी बसवा."

नवीन सरांनी या वेळी दोन्ही फोन खाली केले. "मावशी, या सत्रात शालिग्राम सर आहेत."

"म्हणून तर आधी सांगते."

"अध्यक्ष रुपचंद सर आहेत. शालिग्राम सर त्यांचे गुरू. तुमचे चार महिने राहिलेत निवृत्तीला, कशाला उगाच?"

"चार महिन्यांसाठी मला कुठे पाठवतील? टॉयलेटात? तिथे मी आहेच."

नवीन सर हसले. लांब उभ्या असलेल्या रुपचंद सरांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ठीक आहे. मी काही बघितलं नाही."

"असं नको सर," कुंदाबाई म्हणाल्या. "बघा."

एक प्रत शिपायाच्या हाती पुरुषांच्या बेसिनवर गेली. एक नोंदणीच्या टेबलावर, एक चहापाशी, एक सभागृहाच्या दारावर. पाचवी कुंदाबाईंनी आपल्या टेबलाच्या पुढच्या बाजूला लावली, अशी की मंचावरच्या माणसाने मान थोडी खाली केली तरी वाचता यावी.

दारावर कागद लावताना त्यांना भागाबाई दिसल्या. साठीच्या, उंच. धुतलेल्या लुगड्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. हा डाग लुगडं फाटेपर्यंत जात नाही. रखवालदार त्यांना समजावत होता की शेतकऱ्यांचं जेवण मागच्या मांडवात आहे, एक वाजता.

"मी जेवाले नही उनू, ऐकाले उनू," भागाबाई शांतपणे म्हणाल्या. "सारिका मनी आंडेर शे."

कुंदाबाई धुळ्याकडच्या, आंडेर म्हणजे मुलगी हे त्यांना सांगावं लागलं नाही. कचेरीत बावीस वर्षं शुद्ध बोलून जीभ अवघडली होती, ती अहिराणी ऐकून एकदम मोकळी झाली. त्यांनी नोंदणीच्या टेबलावरून एक कोरं ओळखपत्र उचललं, त्यावर श्रीमती भागाबाई असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्याची निळी फीत भागाबाईंच्या गळ्यात घातली. मग त्यांना सभागृहात नेऊन आपल्या टेबलाशेजारी खुर्ची दिली.

"आठे मोठा लोक बसतस ना?" भागाबाईंनी विचारलं.

"मी बसस ना आठे," कुंदाबाई म्हणाल्या.

सत्राला दहा मिनिटं होती. त्या दहा मिनिटांत भागाबाईंनी जे सांगितलं त्यातलं थोडं कुंदाबाईंना ठाऊक होतं आणि बरंचसं नव्हतं. भडगावजवळ, गिरणेच्या काठच्या केळीच्या बागांमध्ये निंदणी करणाऱ्या अकरा बायांची त्यांची टोळी. ताईबाई तिची म्होरकी. सकाळी टेम्पो निघण्याआधी ताईबाई नावं पुकारायची. जिचं नाव येई ती म्हणायची, शे, म्हणजे आहे. एखादी तापाने पडली असेल तर तिची जोडीदारीण तिच्या नावाला 'शे' म्हणायची. मग ती जोडीदारीण दिवसभर आपली पात, म्हणजे निंदायची ओळ, ओढून आजारी बाईचीही पात ओढायची. नुसतं तोंडाने म्हणून भागत नसे. 'शे' म्हटलं की तिचं काम अंगावर आलं.

ताईबाईचे डोळे वेगळे होते. केळीवर हरण्या रोग येतो, पानावर फिके पट्टे उमटतात, झाड खुरटतं, आणि बाग हातची जाते. ताईबाई कोवळं पान उन्हात धरून बघायची आणि सांगायची, हे झाड आजारी पडणार. पट्टे दिसायच्या आठ-दहा दिवस आधी. तिने बाकीच्या दहाजणींना ते शिकवलं. सारिका पीएच.डी.ला लागल्यावर तिने आईच्या टोळीलाच हाताशी धरलं. बायांनी संशय आला त्या झाडांना लुगड्याच्या चिंध्या बांधल्या, सारिकाने ती पानं प्रयोगशाळेत तपासली. बांधलेल्या दर दहा झाडांतली नऊ खरोखर आजारी निघाली.

"तिनी ताईबाईले सांगं व्हतं, तुमनं बठ्ठासनं नाव मी मंचवरथून घेसू," भागाबाई म्हणाल्या. अकराजणींत स्वतःचं नाव वाचता येणाऱ्या दोनच. तेव्हा छापून उपयोग नव्हता. मोठ्याने घ्यायला हवं होतं. धुळ्याच्या परिषदेच्या संध्याकाळी ताईबाईने फोन करून विचारलं, आमची नावं घेतलीस का. सारिकाला नाही म्हणावं लागलं. पुढच्या साली घेऊ, असं ताईबाईच म्हणाली. पौषात ती गेली.

कुंदाबाईंनी घंटीवरचं बोट काढून घेतलं. हे सांगायलाच हवं होतं, आणि सांगायला हीच जागा होती.

"अक्का, मांगला साले घंटी मी वाजाडी व्हती."

"माले माहीत शे. पोरनी सांगं."

"काय सांगं?"

"म्हने, मावशीनी घंटी वाजाडी आनि मान खाले घाली." भागाबाईंनी गळ्यातली निळी फीत सरळ केली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कामाची गोष्ट सांगावी तसा तो होता. "ताईबाई म्हने, न दखता खुरपं चालाडं ते केळच कापाई जास."

रुपचंद सरांनी माइकवर टकटक केलं. सत्र सुरू झालं.

पहिला वक्ता ठिबक सिंचनावर बोलला. सहाव्या मिनिटाला एक, आठव्याला दोन. बोट वर व्हायची कुंदाबाईंनी वाट पाहिली नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण वक्ता तरुण होता. दुसऱ्या बाई राहुरीकडच्या, त्यांनी साडेसातलाच आवरलं. मग शालिग्राम सर उठले.

शालिग्राम सर तसे वाईट गृहस्थ नव्हते. केळीतलं त्यांना कळायचं, बोलायचेही छान, विनोद करायचे. विनोद पंचवीस वर्षं तेच होते. त्यातला एक असा की हल्ली मुलींचे पोस्टर इतके सुंदर रंगवलेले असतात की आत विज्ञान शोधावं लागतं. यंदाही तो त्यांनी चौथ्या मिनिटाला केला. पुढच्या दोन रांगा हसल्या.

सहाव्या मिनिटाला कुंदाबाईंनी घंटी वाजवली. सरांनी तिकडे पाहिलं नाही. खालच्या कँटीनमध्ये वाजली असेल अशा थाटात ते बोलत राहिले. रुपचंद सरांचा पंजा आडवा झाला.

आठव्याला त्यांनी दोनदा वाजवली. आता सभागृहात माना वळल्या. पंजा दोनदा हलला. कुंदाबाईंनी पंजाकडे पाहिलं, मान हलवली, आणि नवव्या मिनिटाला परत दोनदा वाजवली. दहाव्याला पुन्हा. त्या घाईत नव्हत्या. परीक्षानळीत थेंब सोडावा तशी त्यांची चापट पडत होती, प्रत्येक तेवढीच.

अकराव्या मिनिटाला शालिग्राम सर थांबले. हसून माइकमध्ये म्हणाले, "बाई, ही घंटी कुणासाठी असते, माहीत आहे ना?"

पुढच्या रांगेतलं हसू या वेळी अर्धवट आलं. सारिका मंचाच्या पायऱ्यांशी उभी होती, हातातला पेन ड्राइव्ह घट्ट धरून. मागे भिंतीशी नवीन सर होते. ते बघत होते.

कुंदाबाई उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या टेबलापाशी उभं राहून त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"बोलणाऱ्यासाठी असते सर," त्या म्हणाल्या. "इथे तसं लिहिलंय." आणि टेबलाच्या पुढच्या कागदाकडे बोट केलं.

सरांनी चष्मा नाकावर खाली घेऊन कागद पाहिला. चौथ्या कलमापर्यंत पोचायला त्यांना वेळ लागला. रुपचंद सर म्हणाले, सर, तुम्ही चालू ठेवा, आपण जेवण थोडं पुढे ढकलू. तेव्हा मागून नवीन सर म्हणाले, "पुढे ढकलता येणार नाही सर. एकला जेवण आहे." ते सगळ्यांना ऐकू गेलं.

शालिग्राम सरांनी कागद गोळा केले आणि ते पायऱ्या उतरले. कुंदाबाईंच्या टेबलापाशी थांबले. हलक्या आवाजात, जवळजवळ कुतूहलानेच, त्यांनी विचारलं, "किती झाले होते माझे?"

"अकरा सर. आठातले."

"धुळ्याला?"

"बावीस."

"बावीस." त्यांना हा आकडा खरोखर नवा होता. तीस वर्षांत त्यांना कुणी तो सांगितलाच नव्हता. "आणि माझ्यानंतर कोण होतं तेव्हा?"

कुंदाबाईंनी नुसतं मंचाकडे पाहिलं. सारिका वर चढत होती. सरांनीही पाहिलं. मग ते आपल्या पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसले, आणि बसताना त्यांनी मोबाइल बंद करून खिशात टाकला.

"सुरू कर," कुंदाबाई म्हणाल्या, आणि घड्याळाची कळ दाबली.

सारिकाचा आवाज पहिल्या वाक्याला कोरडा होता. दुसऱ्याला सुधारला. पडद्यावर केळीचं कोवळं पान आलं, त्यामागे ऊन. मग चिंध्या बांधलेली झाडं आली, लाल, हिरवी, एक जरीच्या काठाची. मग तपासणीचे आकडे. सहाव्या मिनिटाला घंटी एकदा वाजली. सारिकाने मान डोलावली आणि पुढे गेली. कुणाचाही मोबाइल बाहेर नव्हता. पहिल्या रांगेत शालिग्राम सर वहीत काहीतरी लिहून घेत होते.

सातव्या मिनिटाला शेवटची स्लाइड आली.

"हे निरीक्षण ज्यांचं आहे त्यांची नावं घेते," सारिका म्हणाली आणि तिने नावं वाचायला घेतली. ती एकेक नाव घेऊन क्षणभर थांबत होती. हे थांबणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी टेम्पोपाशी आईचा पदर धरून उभी राहायची तेव्हा तिने तसं ऐकलेलं होतं. पाचवं नाव आलं.

"भागाबाई."

"शे," शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. मोठा नाही, जसा रोज सकाळी यायचा तसाच.

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सारिकाने आईकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढची नावं आली नसती. सहावं, सातवं. प्रत्येक नावापाठची ती छोटी जागा आता सभागृहाला कळली होती, आणि तिथे कुणी खोकतसुद्धा नव्हतं. दहा नावं झाली.

"ताईबाई," सारिका म्हणाली.

ती जागा या वेळी जास्त लांबली. मग भागाबाई खुर्चीवरून उठल्या. हात मांडीला पुसून, पाठ सरळ करून, दिवसाच्या कामाला उभं राहावं तशा त्या उभ्या राहिल्या.

"शे," त्या म्हणाल्या.

कुंदाबाईंनी घड्याळ पाहिलं. सात मिनिटं बेचाळीस सेकंद. अठरा सेकंद उरले होते, आणि ते सारिकाचे होते. रुपचंद सर माइककडे झुकू लागले तसा कुंदाबाईंनी त्यांना पंजा आडवा धरून दाखवला. ते मागे टेकले. पडद्यावर अकरा नावं होती. त्यांच्यापुढे सगळं सभागृह न हलता बसलेलं होतं, आणि एकटी बाई उभी होती.

मग आठ मिनिटं पूर्ण झाली, आणि कुंदाबाईंनी मान वर ठेवून घंटी दोनदा वाजवली.